लिटरने भागण्याआधी टेप लावा

महोदय,

आपल्या मोटार पुरवणीतील व्ही-८ (म्हणजे 'व्ही' आकारात दोन रांगांत आठ सिलिंडर असलेल्या) इंजिनांवरच्या लेखात फोर्ड आणि जनरल मोटर्सचा (जीएम) निकाल अश्वशक्तीला लिटरने भागून लावला आहे, आणि जीएमच्या पुशरॉड इंजिनाला, म्हणजे ज्यात खाली बसवलेला कॅमशाफ्ट (व्हॉल्व्ह उघडणारा फिरता दांडा) लांब सळ्यांनी वरचे व्हॉल्व्ह उघडतो त्याला, 'कालबाह्य' ठरवून टाकले आहे. प्रतिस्पर्ध्यांची इंजिने खोलून मोजणे हीच माझी नोकरी होती, म्हणून राहवले नाही.

भागाकार बरोबर आहे. फोर्डच्या १९९६ च्या मस्टँग कोब्राचे इंजिन ४.६ लिटर, ३०५ अश्वशक्ती, लिटरमागे ६६. जीएमच्या १९९७ च्या कॉर्व्हेटचे एलएस१ इंजिन ५.७ लिटर, ३४५ अश्वशक्ती. लिटरमागे जेमतेम ६०. फोर्डकडे चार कॅमशाफ्ट आणि ३२ व्हॉल्व्ह, जीएमकडे एक कॅमशाफ्ट आणि १६ व्हॉल्व्ह. पण लिटर म्हणजे पिस्टनने कापलेली पोकळी. बॉनेटखाली नुसती पोकळी बसवायची नसते, आख्खे इंजिन बसवायचे असते! फोर्डच्या प्रत्येक हेडवर (सिलिंडरच्या रांगेवरच्या झाकणावर) दोन कॅमशाफ्ट, त्यामुळे हेड चांगलेच ऐसपैस. एलएस१ चा कॅमशाफ्ट 'व्ही'च्या बेचक्यात, क्रँकच्या (पिस्टन फिरवतात त्या मुख्य दांड्याच्या) वर. हेड बुटके, कॅमशाफ्ट फिरवणारी टायमिंग चेन आखूड. लिटरने मोठे असलेले इंजिन रुंदीला लहान भरते.

मग फोर्डचे अभियंते चुकले का? मुळीच नाही. त्यांचे हे इंजिन पुढच्या चाकांवर चालणाऱ्या लिंकन कॉन्टिनेंटलमध्ये आडवेही बसले. त्यासाठी लांबी आवळावी लागते. शेजारच्या दोन सिलिंडरच्या मध्यांत १०० मिलिमीटर अंतर, बोअर (सिलिंडरचा व्यास) अवघा ९०.२. एलएस१ चा बोअर ९९. एवढ्या अरुंद सिलिंडरमधून जोर काढायचा तर दोन व्हॉल्व्ह अपुरे पडतात. चार व्हॉल्व्ह आले आणि त्यांच्यामागून जादा कॅमशाफ्टही आले.

पुशरॉडचे दुखणे मला ठाऊक आहे. एलएस१ च्या हेडमधला इनटेक पोर्ट (हवा आत नेणारी वाट) पाहा: पुशरॉडच्या मधून वाट काढायची म्हणून उंच आणि चिंचोळा. शिवाय कॅम आणि व्हॉल्व्ह यांच्यामध्ये टॅपेट, पुशरॉड, रॉकर अशी वरात. फार वेगात व्हॉल्व्ह कॅमला साथ देईनासा होतो. इनटेक आणि एक्झॉस्टचे टायमिंग (व्हॉल्व्ह उघडण्या-मिटण्याची वेळ) वेगवेगळे हलवणे साध्या एका कॅमशाफ्टला जमत नाही. डॉजने २००८ च्या व्हायपरमध्ये कॅमशाफ्टच्या आत कॅमशाफ्ट घालून तेही जमवले, पण तो हौसेचा मामला.

२०२३ च्या कॉर्व्हेट झेड०६ ला ८,६०० आरपीएमपर्यंत न्यायचे होते, तेव्हा त्याच जीएमने मुकाट चार कॅमशाफ्ट घेतले: ५.५ लिटर, ६७० अश्वशक्ती. साध्या कॉर्व्हेटमध्ये मात्र ६.२ लिटरचे पुशरॉड इंजिन तसेच चालू ठेवले.

पुढच्या तुलनेत तक्त्यात इंजिनाचे वजन आणि लांबी, रुंदी, उंची हे रकाने घालावेत, एवढीच विनंती. लिटरमागचा रकाना खुशाल ठेवा. जिथे कर लिटरवर बसतो तिथल्या वाचकांना तो उपयोगी पडेल.

– एक निवृत्त इंजिन अभियंता