विषय आटत नाहीत, ते फार मोठे घेतले जातात

मा. संपादक,
स. न. वि. वि.

पाऊस लागला की वाचकांच्या पानावर ‘पहिला पाऊस’, दिवाळीला ‘हरवलेली दिवाळी’ आणि एक नोव्हेंबर (कर्नाटक राज्योत्सव, सीमाभागातल्या मराठी माणसांचा काळा दिवस) जवळ आला की सीमाप्रश्न. बेळगाव, खानापूर, निपाणी भागात हौसेने लिहिणारे पुष्कळ आहेत, पण चार-सहा लेख झाले की ‘आता काय लिहायचं?’ म्हणून पेन ठेवतात. विषय एवढा मोठा धरलेला असतो की सगळ्यांच्या हाती तीच वाक्यं लागतात.

मांडे, म्हणजे उपड्या खापरावर भाजलेल्या पातळ गोड पोळ्या, घ्या. ‘बेळगावचे मांडे’ हा लेख आधीच पन्नास जणांनी लिहिलेला आहे. मांडे करणाऱ्या बाईंना ‘कसे करता?’ असं विचारलं तर कृती मिळते, ती पुस्तकातही असते. ‘बिघडतात कधी?’ असं विचारून बघा. पीठ नीट तिंबलं नाही, मुरलं नाही, तर हातावर फिरवताना फाटतं. उपडं खापर फार तापलं तर मांडा करपतो, कमी तापलं तर चिवट होतो. गरम असतानाच घडी घातली नाही तर नंतर घडी पडत नाही, तुकडे पडतात. मग ते खापर कुठून येतं, कन्नड घरात यालाच ‘मंडिगे’ का म्हणतात, असे प्रश्न आपोआप निघतात. एका मांड्यात चार-पाच लेख आहेत. बिघाडाबद्दल विचारलं की माणूस खुलतो, हे कोणत्याही कारागिराला लागू.

खिशात मावेल अशी वही ठेवावी. डाव्या पानावर ऐकलेलं वाक्य जसंच्या तसं, तारीख आणि ठिकाणासह. उजव्या पानावर त्यातून उठलेला एकच प्रश्न. त्याच दिवशी टिपावं, कारण दुसऱ्या दिवशी बोली उरत नाही, आपली पुस्तकी भाषा उरते. ‘काय करूलास?’ ऐकलेलं असतं आणि वहीत ‘काय करतोस?’ उतरतं. लेखाचा जीव तर त्या ‘करूलास’मध्येच होता. एका वेळी दहाच नोंदी जिवंत ठेवाव्यात. पंधरा दिवसांत ज्या नोंदीला तीन पक्क्या गोष्टी (एक आकडा, एक नाव, एक कारण) जोडता आल्या नाहीत, ती खोडावी. शंभर विषयांची यादी करणारे सहसा एकही लिहीत नाहीत.

इतिहासालाही हेच. 1924 च्या बेळगाव काँग्रेसचे गांधीजी अध्यक्ष होते, ते एकाच अधिवेशनाचे अध्यक्ष झाले, हे सगळ्यांना पाठ. पण त्या अधिवेशनाच्या पाण्यासाठी खोदलेली काँग्रेस विहीर टिळकवाडीत आहे. एवढ्या माणसांना रोज किती घागरी लागल्या असतील, पाणी उपसलं कसं, हे विचारलं की जुन्याच विषयाला नवं तोंड फुटतं. मात्र तारखा वाचनालयात जाऊन ताडून घ्याव्यात. मोबाईलवर फिरत आलेला मजकूर उतरवला की पहिलं पत्र चूक दाखवणारंच येतं.

सीमाप्रश्नावर लिहूच नये असं नाही. पण बसची पाटी नुसती कन्नडमध्ये असेल, तर ती लिपी न येणारी आजी आपली गाडी कशी ओळखते? रंगावरून, वेळेवरून की कंडक्टरच्या आरोळीवरून? यावर एक पान लिहिलं तर दहा भाषणांपेक्षा जास्त वाचलं जाईल. बेळगावातल्या शनिवार खूट या चौकाच्या नावातल्या ‘खूट’ला खूट का म्हणतात, तुपाला कन्नडमध्ये ‘तुप्प’ म्हणतात तर कोणी कोणाकडून घेतलं, हेही तसंच.

लेख झाल्यावर पहिला परिच्छेद झाकून वाचावा. बहुतेक वेळा खरा लेख दुसऱ्यापासून सुरू होतो, पहिल्यात नुसता घसा साफ केलेला असतो.

आपणास एक विनंती. पुढच्या जूनमध्ये वाचकांना ‘पाऊस’ हा विषय देऊ नये. ‘आमच्या घरात पाणी नेमकं कुठून गळतं आणि तिथे कोणतं भांडं ठेवतात’ असा द्यावा.

आपला,
एक वाचक, टिळकवाडी, बेळगाव