मॅडमच्या स्वीय सहायकांना जाहीर आभारपत्र

सस्नेह नमस्कार,

आमच्या इंजिनिअर संघटनेच्या अधिवेशनात तुमच्या मॅडमचं, एका नामवंत खेळाडूचं, भाषण झालं; त्याच्या आभारप्रदर्शनाच्या यादीतून तुम्ही स्वतःचं नाव काढायला लावलंत. त्यामुळे नाव इथेही लिहीत नाही; पण आभार मानल्याशिवाय राहवत नाही.

नामवंत व्यक्तीला बोलवायचं ठरलं की आमच्यासारख्या व्यावसायिक संघटनेच्या समितीत दोनच प्रश्न असतात: तारीख मिळेल का आणि मानधन किती? तुम्ही फोनवर आधी वेगळंच विचारलंत, "समोर कोण बसणार आहे?" 'इंजिनिअर' एवढ्या उत्तरावर तुमचं भागलं नाही. नोकरी करणारे किती, स्वतःची फर्म असलेले किती, नुकतेच या क्षेत्रात आलेले येतात का, सध्या त्यांच्यात कुरबुर कशावरून चालू आहे, सगळं खोदून विचारलंत. मग काही सभासदांशी मॅडमचं थेट फोनवर बोलणं करून दिलंत.

त्यातल्या एका तरुण साइट इंजिनिअरने सांगितलेला प्रसंग असा: काँक्रीटचा मिक्सर येऊन उभा, सळयांची तपासणी अर्धवट आणि वरिष्ठ म्हणतायत, "ओतून घ्या." मॅडमनी भाषण तिथूनच सुरू केलं. पुढे त्या दुखापत लपवून खेळलेल्या सामन्याबद्दल बोलल्या. करंडकांच्या गोष्टी ऐकायला आलेल्या सभागृहात तेव्हा व्हिडिओसाठी एकही मोबाइल वर नव्हता.

भाषणाचा मसुदा आधी मागवावा, असा आमच्यातल्या काहींचा आग्रह होता. तुम्ही शांतपणे सांगितलंत, "मुद्दे पाठवतो, मसुदा नाही." समितीच्या बैठकीत मी १९३६ सालची आठवण करून दिली. लाहोरच्या जात-पात तोडक मंडळाने डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना अध्यक्ष म्हणून बोलावलं, छापील भाषणातल्या काही मजकुरावर हरकत घेतली; बाबासाहेब स्वल्पविरामही बदलायला तयार नव्हते. परिषद रद्द झाली, भाषण त्यांनी स्वतः प्रसिद्ध केलं. ते आजही वाचलं जातं आणि मंडळाचं नाव बहुतेकांना त्या रद्द निमंत्रणामुळेच ठाऊक आहे. त्यानंतर मसुद्याचा विषय मिटला.

बाकी कामं तुम्ही चुटकीसरशी उरकलीत. फोटो भाषणाआधी, एका रांगेत, नंतर नाही. व्यासपीठावर खुर्च्या दोनच. (हे पदाधिकाऱ्यांच्या गळी उतरवणं मानधनाच्या वाटाघाटीपेक्षा अवघड गेलं.) परिचय दीड मिनिटाचा. 'यांना परिचयाची गरज नाही' असं म्हणून दहा मिनिटं परिचय करून देण्याची आमची खोड तुम्ही बरोब्बर ओळखली होतीत. वाचलेला सगळा वेळ प्रश्नोत्तरांना मिळाला. चिठ्ठ्या गोळा करण्याऐवजी माईक थेट मागच्या रांगांत न्यायचा, ही सूचनाही तुमचीच. पुढच्या रांगांतल्या ज्येष्ठांना ती फारशी रुचली नाही, पण चांगले प्रश्न मागूनच आले.

मॅडमचा एक सवाल अनेकांना झोंबला. तुमचे पुरस्कार वेळेत काम संपवणाऱ्यांना मिळतात, काम थांबवण्याची हिंमत दाखवणाऱ्याला कधी दिलाय? कुजबुज झाली. अध्यक्षांनी तुमच्याकडे पाहिलं, तुम्ही ढिम्म. मला त्यात वावगं वाटलं नाही. जून २००९ मध्ये शिकागोत अमेरिकन मेडिकल असोसिएशनपुढे बराक ओबामा म्हणाले की वैद्यकीय हलगर्जीपणाच्या खटल्यांतल्या भरपाईवर कमाल मर्यादा घालण्याच्या बाजूचा मी नाही, तेव्हा डॉक्टरांपैकी काहींनी राष्ट्राध्यक्षांची हुर्यो केली होती. आवडेल तेवढंच ऐकायचं असेल तर आमच्यातलाच कुणीतरी बोलला असता.

मानधनाची उरलेली रक्कम जमा केली आहे. रेकॉर्डिंग करारात ठरल्याप्रमाणे सभासदांपुरतंच ठेवलंय, त्याचे तुकडे कुठेही फिरणार नाहीत याची जबाबदारी माझी. पुढच्या अधिवेशनासाठी एका नामवंत शास्त्रज्ञांशी बोलणं चालू आहे. त्यांच्या कार्यालयाकडून मानधन आणि प्रवासाच्या अटी आल्या, समोर कोण बसणार हे मात्र कुणी विचारलं नाही. आम्ही आपणहून दोन पानं लिहून पाठवली आहेत.

आपला,
कार्यवाह, व्याख्यान समिती