चौथीतला भागाकार आणि कलम २४ : शालेय शिक्षण मंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
मा. शालेय शिक्षण मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

महोदय,
स.न.वि.वि.

नाशिक जिल्ह्याच्या पश्चिम भागातील एका द्विशिक्षकी शाळेत मी शिकवतो. प्रत्येक मूल आपापल्या पद्धतीने शिकते आणि अध्यापन त्याप्रमाणे बदलले पाहिजे, हे विधान प्रशिक्षणांत आणि शिक्षकांच्या व्हॉट्सॲप गटांवर इतक्या वेळा ऐकू येते की त्याला विरोध करणारा कोणी उरलेला नाही. माझाही त्याला विरोध नाही. मात्र त्याच्या नावाखाली काय सुरू होते आणि काय करायचे राहून जाते, हे आपल्या कानावर घालणे आवश्यक वाटते.

सुरू होते ते वर्गीकरण. मुलांकडून एक प्रश्नावली भरून घ्यायची आणि कोण पाहून शिकणारा, कोण ऐकून शिकणारा, कोण करून शिकणारा, म्हणजे कोणाची 'अध्ययन शैली' कोणती, याची नोंद ठेवायची. अशा वर्गीकरणाच्या तब्बल ७१ पद्धती ब्रिटनमधील फ्रँक कॉफील्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००४ मध्येच नोंदवल्या होत्या. २००८ मध्ये हॅरोल्ड पॅशलर व अन्य तीन मानसशास्त्रज्ञांनी उपलब्ध संशोधन तपासले, तेव्हा मुलाच्या 'शैली'शी अध्यापन जुळवल्याने ते अधिक चांगले शिकते, याला पुरेसा पुरावा त्यांना आढळला नाही. बुद्धिमत्ता एकच नसून अनेक प्रकारची असते, हा बहुविध बुद्धिमत्तेचा सिद्धांत १९८३ मध्ये मांडणाऱ्या हॉवर्ड गार्डनर यांनीही आपला सिद्धांत म्हणजे अध्ययन शैली नव्हे, असे पुढे स्पष्ट केले. आपल्याकडे मात्र दोन्हींची खिचडी अजून शिजतेच आहे.

याचे नुकसान कसे होते, ते एका उदाहरणावरून सांगतो. चौथीतला एक मुलगा सुटीच्या दिवशी वडिलांबरोबर टोमॅटो घेऊन बाजार समितीत जातो. २० किलोचे कॅरेट ३४० रुपयांना गेले तर किलोला काय भाव पडला, असे विचारले की तो क्षणात सांगतो : वीस दाहे दोनशे, राहिले एकशे चाळीस, वीस साते एकशे चाळीस, म्हणजे सतरा. हेच गणित फळ्यावर भागाकाराच्या मांडणीत दिले की तो ३४ मधून २० एकदा वजा करतो, १४ लिहितो आणि थांबतो. वरचे शून्य खाली का आणायचे, हे त्याला उमगत नाही. प्रश्नावलीच्या हिशेबाने तो 'करून शिकणारा' ठरेल, त्याच्या हाती मणी आणि काड्या येतील आणि लेखी भागाकारातून त्याची सुटका होईल. वास्तविक त्याला हवी आहे ती त्याच्याच तोंडच्या दोन पायऱ्यांची फळ्यावरची मांडणी : आधी दोनशे वजा केले, ते इथे लिहिले; एकशे चाळीस राहिले, ते त्याखाली. यासाठी त्याच्याजवळ बसावे लागते, आणि तेवढ्या वेळात उरलेल्या दोन इयत्तांना काहीतरी उतरवून काढायला सांगावे लागते.

मुलामुलांमधला दुसरा मोठा फरक घरच्या भाषेचा आहे. दुसरीतली एक मुलगी धडा अडखळल्याशिवाय वाचते, पण प्रश्न विचारला की गप्प बसते. तिच्या घरी कोकणा ही आदिवासी बोली बोलतात. वरच्या वर्गातील एका मुलीने तोच धडा कोकणा बोलीत सांगितला, तेव्हा ती हसलीही आणि पुढे काय होणार तेही तिने सांगितले.

या फरकांची दखल कायद्याने घेतलेली नाही, असे नाही. शिक्षण हक्क कायदा, २००९ च्या कलम २४ मध्ये प्रत्येक मुलाची अध्ययनक्षमता पाहून त्याला पूरक अध्यापन देणे हे शिक्षकाचे कर्तव्य सांगितले आहे. त्याच कलमात, लगेच आधीच्या खंडात, ठरलेल्या वेळेत संपूर्ण अभ्यासक्रम पूर्ण करण्याचेही कर्तव्य आहे. ही दोन कर्तव्ये एकमेकांशी भिडतात, तेव्हा प्रत्यक्षात दर वेळी अभ्यासक्रम पूर्ण करण्याचेच जिंकते, कारण शाळाभेटीत विचारले जाते ते किती धडे झाले हेच. कलम २९ मध्ये 'शक्य तेथवर' मातृभाषेतून शिक्षण देण्याची तरतूद आहे. 'शक्य तेथवर' या शब्दांच्या आडोशाला किती काय दडते, ते आपण जाणताच.

यात स्थलांतराची भर पडते. सुरगाणा-पेठकडची कुटुंबे द्राक्षांच्या कामासाठी दिंडोरी-निफाडकडे उतरतात. त्यांच्यामागे गेलेले मूल परतते, तेव्हा वर्ग कित्येक धडे पुढे गेलेला असतो. त्याची 'शैली' शोधून उपयोग नाही. ते जिथे थांबले होते, तिथून पुढे शिकवावे लागते. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा काढल्या, त्या याच राज्यात.

म्हणून विनंती अशी की, मुलांवर शैलीचे शिक्के मारणाऱ्या प्रश्नावल्या थांबवाव्यात आणि प्रशिक्षणाचा तो वेळ दोन-तीन इयत्ता एकत्र शिकवण्याच्या सरावाला द्यावा. पहिली-दुसरीसाठी कोकणा, भिली अशा घरभाषांतील साहित्य स्थानिक शिक्षकांकडून तयार करून घ्यावे. दुसऱ्या इयत्तेच्या पातळीवर असलेल्या चौथीतल्या मुलाला दुसरीचेच गणित शिकवण्याची मुभा लेखी आदेशाने द्यावी. तोंडी सूचना तपासणीच्या दिवशी कामाला येत नाही. अशैक्षणिक कामांविषयी पुष्कळांनी लिहिले आहे, मी भर घालत नाही.

आणि शाळाभेटीच्या नमुन्यात 'पूर्ण झालेले घटक' या रकान्याशेजारी, कोणत्या मुलासाठी कोणता घटक थांबवून पुन्हा शिकवला, हा रकाना असावा. तो भरलेला दिसला तर शिक्षकाकडे खुलासा मागितला जाणार नाही, एवढे त्याच आदेशात नमूद करावे.

आपला विश्वासू,
नाशिक जिल्ह्यातील एक प्राथमिक शिक्षक