मणका बेडकांसाठी मानशीकडे पाहा

मा. वनमंत्री,
गोवा राज्य

महोदय,

पहिला दमदार पाऊस झाला की दिवाडी, चोडण, जुवे या बेटांवरच्या खाजनांत, म्हणजे बांध घालून खाऱ्या पाण्यापासून राखलेल्या शेतांत, मणके (मोठे बेडूक, बुलफ्रॉग) ओरडू लागतात. नर हळदीसारखे पिवळे होतात, गळ्याशी दोन निळे फुगे. त्याच रात्री बॅटऱ्या आणि गोणपाटे घेऊन शिकारीही शेतात उतरतात. 1972 च्या वन्यजीव कायद्याचे संरक्षण आहे, 1987 पासून तंगड्यांची निर्यात बंद आहे, तरी 'जंपिंग चिकन' या नावाने बेडूक ताटात येतोच. आपले खाते गस्त घालते; ती हवीच. पण गस्तीमुळे वाचलेल्या मादीने अंडी घालायची कुठे?

खाजन समुद्रसपाटीला लागून. पावसाने वरचे मीठ धुतले की गोड्या पाण्याची डबकी साचतात आणि मणका तिथेच वितो. पिल्लांना पाय फुटेपर्यंत निदान महिनाभर ते पाणी गोडे राहायला हवे. ते राखते मानस, म्हणजे बांधातले पाण्याचे दार. भरतीच्या रेट्याने तिच्या फळ्या मिटतात, ओहोटीला आतल्या पाण्याने उघडतात. फळी कुजली, उंबऱ्यात प्लास्टिक अडकले, किंवा मासळी आत यावी म्हणून कुणी दारात दगड सारला, की उधाणाचे खारे पाणी सरळ शेतात. कोरगूट भात थोडे मीठ सोसते. मणक्याचे अंडे सोसत नाही. एका अमावास्येला अख्खी वीण जाते, आणि याची नोंद कुठल्याच पंचनाम्यात होत नाही.

कागदावरही फट आहे. 2017 च्या पाणथळ नियमांच्या व्याख्येतून भातशेती वगळली आहे. नंदा तळ्याला रामसर (आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा) दर्जा मिळाला, चांगलेच झाले; पण मणका तळ्यापेक्षा उथळ शेतात अधिक वितो. सीआरझेडच्या (किनारी नियमन क्षेत्राच्या) नियमांत खाजनांचे नकाशे आणि व्यवस्थापन आराखडा करायला सांगितले आहे. त्या आराखड्यात बेडकांच्या विणीचे महिने लिहा.

मानशीवरच्या मासेमारीची पावणी (लिलाव) होते, तेव्हाच अट घाला: पहिल्या पावसापासून ऑगस्टअखेर खारे पाणी आत घ्यायचे नाही. मेमध्ये फळ्या, बिजागऱ्या आणि उंबरा तपासून घ्या; पाऊस लागल्यावर चिखलात ते काम धड होत नाही. बांध कृषी खात्याचे, बेडूक आपले, म्हणून हे दोघांच्या मधोमध पडून राहते. उधाणाच्या दिवशी मानशीजवळ, शेताच्या मध्यावर आणि टोकाला रिफ्रॅक्टोमीटरने खारटपणा मोजावा. पाण्याचा एक थेंब पुरतो, वनरक्षकाला तासाभरात शिकवता येते.

आणखी एक. धाडीत सापडलेले मणके सोयीच्या तळ्यात सोडू नयेत. रोग पसरतो, आणि यांची पिल्ले इतर बेडकांची पिल्ले खातात. अंदमानात हाच बेडूक बाहेरून पोचला आणि तिथल्या जातींना नडला. पकडलेल्याकडून शेत विचारून घ्या, पोती ओली ठेवा, एकात गर्दी करू नका आणि त्याच रात्री त्याच शेतात सोडा.

आपले,
खाजनातले बेडूक पाहणारे काही जण