कॅमेऱ्याच्या शेजारी उभी

एडिंबरा, स्कॉटलंड

तीर्थरूप आई-बाबांना साष्टांग नमस्कार,

परवा फोनवर आई म्हणाली, "तू आजकाल वेगळीच बोलून राहिली. काय झालं?" तेवढ्यात माझी बस आली आणि उत्तर राहून गेलं. तसंही हे फोनवर नीट सांगता आलं नसतं, म्हणून बसून लिहिते आहे. दादा, आईचा चष्मा सापडत नसेल तर तू वाचून दाखव.

मी कशी होते ते तुम्हीच जास्त जाणता. बर्डीवर चप्पल घ्यायची तरी भाव दादानं विचारायचा. तोंडी परीक्षेच्या आदल्या रात्री घास गिळवत नसे. फोटोग्राफी शिकायला परदेशी जाणार म्हटल्यावर आत्यानं विचारलं होतं, "लग्नाचे फोटो काढायला इतक्या लांब कायले जातं?" त्याचं उत्तरही बाबांनीच दिलं. कॅमेरा मला आवडायचा, आणि त्याचं एक कारण हेही होतं की तो डोळ्याला लावला की बोलावं लागत नाही.

इथे आल्यावर तो आडोसाच गेला. पहिल्या सत्रात आम्हाला मोठा, घडीचा, लाकडी कॅमेरा दिला. त्यात रोल नसतो, चार बाय पाच इंचांची एकेक सुटी फिल्म असते. मागे काच. डोक्यावर काळं कापड घेऊन तिच्यात बघायचं, तर समोरचा माणूस उलटा दिसतो, डोकं खाली आणि पाय वर. फोकस जमला की शटर बंद करायचं आणि काचेच्या जागी फिल्मची पेटी सरकवायची. ती सरकवली की दिसणं बंद. म्हणजे प्रत्यक्ष फोटो निघतो तेव्हा आपण कापडाबाहेर, कॅमेऱ्याच्या शेजारी, समोरच्याच्या नजरेला नजर देऊन उभे असतो. मान जरा डावीकडे घ्या, हात असू द्या, आता हलू नका, हे सगळं तोंडानं सांगावं लागतं. गप्प राहून हा कॅमेरा चालवताच येत नाही. मला बोलतं केलं ते आधी या यंत्रानं.

या शहरात हे काम फार जुनं आहे. 1843 साली डेव्हिड ऑक्टेव्हियस हिल हा चित्रकार आणि रॉबर्ट अ‍ॅडमसन हा 22 वर्षांचा मुलगा यांनी इथल्या कॅल्टन हिलवर स्टुडिओ सुरू केला. कागदावर निगेटिव्ह घ्यायची टॅल्बट या इंग्रज संशोधकाची पद्धत इंग्लंडात पेटंटखाली होती, स्कॉटलंडला ते पेटंट लागू नव्हतं, म्हणून यांना मोकळीक मिळाली. मोठमोठ्या लोकांचे फोटो त्यांनी काढलेच, पण न्यूहेवन नावाच्या कोळ्यांच्या वस्तीतही ते गेले. तिथल्या बायका मासळीच्या टोपल्या पाठीवर घेऊन, पट्टा कपाळाला लावून, शहरात विकायला यायच्या. तेव्हाचा कागद इतका मंद की उन्हातसुद्धा माणसाला बराच वेळ निश्चल ठेवावं लागे. दिवसभर राबणारी बाई अनोळखी माणसासमोर तशी थांबते, म्हणजे त्यानं आधी तिचा विश्वास मिळवलेला असणार. अ‍ॅडमसन 1848 मध्ये, अवघ्या 26 व्या वर्षी गेला. त्या स्टुडिओत जेसी मान नावाची एक बाई मदतनीस होती, हे कळल्यावर मी कितीतरी वेळ तिचाच विचार करत होते.

न्यूहेवनला आता ट्राम जाते. हिवाळ्यात मी तिथल्या बंदरावर जाऊ लागले. डिसेंबरात इथे साडेतीनच्या सुमारास सूर्य मावळतो, पण जेवढा वेळ असतो तेवढा तो खालीच असतो, त्यामुळे भर दुपारीही चेहऱ्यावर तिरपा, मऊ उजेड पडतो. आपल्याकडे मे महिन्यात बारा वाजता ऊन थेट डोक्यावर, आणि माणसाच्या डोळ्यांच्या खोबणीत नुसता अंधार. बंदराच्या भिंतीपाशी एक म्हातारी रोज बसलेली दिसे. काळा लोकरीचा कोट, मागे चुन्यानं रंगवलेली पांढरी भिंत. तिला विचारायच्या आधी छाती धडधडत होती, पण कॅमेऱ्याची तिपाई खांद्यावर घेऊन गेलेल्या मुलीला काहीतरी बोलावंच लागतं. मी विचारलं. ती म्हणाली, आधी बस. मग तिची आई मासे कशी विकायची ते तिनं सांगितलं, मी आपल्या नागपूरचं सांगितलं, संत्र्यांचं आणि उन्हाचं. मग तिनंच विचारलं, फोटो कधी काढतेस?

आता जरा तांत्रिक सांगते, कारण खरी गोष्ट त्यातच आहे. उजेड मोजायचं मीटर असतं. ते जे काही बघेल ते मध्यम करड्या रंगाचं आहे असं धरून चालतं. पांढऱ्या भिंतीवर धरलं तर सांगतं, उजेड कमी घे, आणि भिंत मळकट येते. काळ्या कोटावर धरलं तर सांगतं, जास्त घे, आणि कोट राखेसारखा होतो. दोन्ही वेळा आकडा अचूक असतो, फक्त त्याला कोट आणि भिंत माहीत नसतात. ते आपल्याला माहीत असतं. आकडा ऐकून घ्यायचा आणि मग काय काळं ठेवायचं, काय उजळ, हे स्वतः ठरवायचं. आजवर माझ्या आयुष्यात ठरवायचं काम कायम दुसऱ्या कुणाकडे होतं. इथे तसं कुणी नसतं.

मी कोट काळाच ठेवला. डार्करूममध्ये प्रिंट करतानाही तो उजळवला नाही. आमच्याकडे सत्राच्या शेवटी प्रिंट भिंतीवर लावतात आणि सगळा वर्ग त्याच्यावर बोलतो. एकानं म्हटलं, कोटात काहीच दिसत नाही, तपशील बुडाला. बाईंनीही विचारलं, एवढा काळा का? जुनी मी असते तर "उद्या बदलून आणते" म्हणून खाली बसले असते. मी म्हटलं, ती समुद्राच्या वाऱ्यात त्या कोटात शिरून बसते, तिचे फक्त हात आणि चेहरा बाहेर असतात, मला तेवढंच दाखवायचं होतं. बराच वाद झाला. त्या मुलाला ते शेवटपर्यंत पटलं नाही, आणि त्याचं मला काही वाटलं नाही. प्रिंट तसाच राहिला. एक प्रत म्हातारीला नेऊन दिली, एक तुमच्यासाठी पाकिटात घातली आहे.

आई, माझा आवाज बदलला असेल तर तो असा बदलला.

आता एक बेत. पोळ्याला मी घरी येते. मारबतीच्या, त्या मोठ्या पुतळ्यांच्या, मिरवणुकीचे फोटो सगळं नागपूर काढतं, मला मिरवणूक नको आहे. काळी मारबत 1881 पासून निघते म्हणतात, तर ती पिढ्यान्‌पिढ्या घडवणारी माणसं मला हवी आहेत. ती आणि बडग्यांचे पुतळे करणारे, कामाच्या जागी, या मोठ्या कॅमेऱ्यासमोर शांत बसलेले. तेव्हा आभाळ ढगाळ असतं, गल्लीत एकसारखा उजेड मिळेल.

बाबा, इतवारीत आणि महालात तुमची ओळख मोठी आहे. हे वाचल्या वाचल्या तुम्ही कुणाला तरी फोन लावाल, मला माहीत आहे. कृपा करून लावू नका. मला फक्त गल्ली दाखवा आणि कोपऱ्यावर चहा घेत थांबा. आत जाऊन मी बोलते.

तुमची,
छकुली