मातीत थर्मामीटर खुपसायला लावणाऱ्या माळीकाकांचे आभार

माळीकाका, सप्रेम नमस्कार.

उष्ण हवामानात शरदातली लावणी कधी करायची, असं विचारलं की बहुतेक जण तारीख सांगतात. तुम्ही दुपारी मातीत ५ सेंटिमीटर खोल थर्मामीटर खुपसायला लावलंत, त्याबद्दल आधी आभार. माती ३० अंशांच्या वर असेल तर लेट्यूसचं बी बहुधा उगवतच नाही, पालकही विरळ येतो. लोक मात्र बियाण्याला दोष देऊन नवं पाकीट आणतात. थांबवत नसेल तर वर सावलीची जाळी बांधून संध्याकाळी पेरा, हा तुमचा तोडगाही कामाचा.

गाजराचं तर सगळंच श्रेय तुमचं. बी अर्धा ते एक सेंटिमीटर खोल आणि जागच्या जागीच पेरायचं. रोप उपटून लावलं की मूळ वाकडं होतं. उगवायला दोन आठवडेही लागतात. तेवढ्यात वरची माती एकदा जरी वाळून कडक झाली, तरी नाजूक कोंब ती फोडू शकत नाही. म्हणून वाफ्यावर ओलं गोणपाट. ते रोज उचलून बघायचं आणि पहिले कोंब दिसताच काढायचं, नाहीतर रोपं पिवळी, लांबुडकी होतात. मग दोन रोपांत ५ सेंटिमीटर अंतर राहील अशी विरळणी. खडे किंवा ताजं शेण असेल तर गाजराला फाटे फुटतात, तिथे दुसरं काही लावावं.

फुलकोबीचं रोप चार-पाच पानांवर, साधारण महिनाभराचं असतानाच ४५ सेंटिमीटर अंतरावर लावायचं. जास्त वयाचं रोप बटणाएवढा गड्डा धरून बसतं. रोपवाटिकेत बी दाट आणि माती सतत चिंब असेल तर रोपं बुंध्याशी बारीक होऊन कोलमडतात. औषधाआधी पाणी कमी करा, हे तुमचं म्हणणं शंभर टक्के खरं.

लसणाच्या पाकळ्या न सोलता, टोक वर ठेवून, १० सेंटिमीटर अंतरावर. वाटाण्याला नत्र जास्त नको, नुसता पाला माजतो.

आच्छादनाबाबत मात्र आमचं मत थोडं वेगळं आहे. तुम्ही लावणीच्या दिवशीच पालापाचोळा पसरता. गोगलगाई असलेल्या बागेत रोप वीतभर होईपर्यंत थांबावं, मग ५ सेंटिमीटरचा थर द्यावा आणि बुंध्याभोवती चार बोटं जागा मोकळी ठेवावी. पटलं नाही तर जरूर कळवा.

आपले,
परसबागेतले सोबती