पायी चालणाऱ्याच्या पानात काय वाढावं?

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

पाडवा झाला की शिरपूर, चोपडा, अमळनेर, पारोळ्याकडची माणसं वणीच्या गडाकडे पायी निघतात. रामनवमीपासून चैत्र पौर्णिमेपर्यंत गडावर यात्रा असते. सप्तशृंगीचं माहेर खान्देश असं आपण मानतो, त्यामुळे या वाटेवर अन्नदानाला हात आखडता घेणारा माणूस सापडायचा नाही. अडतं ते देण्याच्या पद्धतीत. एकाच किलोमीटरात चार मंडप, चारही ठिकाणी भरदुपारी वरण-बट्टी, आणि त्यापुढे दोन-तीन तासांच्या चालीत पाण्याचा माठसुद्धा नाही. यंदा गावोगावच्या मंडळांनी आधी एकत्र बसून वेळ, जागा आणि पदार्थ वाटून घ्यावेत, एवढ्यासाठी हे पत्र.

वरण-बट्टी आणि घोटलेली वांग्याची भाजी ही आपल्या भंडाऱ्याची शान, पण ती रात्रीच्या मुक्कामाला. रवाळ पिठाची, तळलेली, वर तूप घातलेली बट्टी पोटात जाऊन बसली की तहान वाढते, पाय जड होतात, आणि माणूस उन्हात चालायला उठतो. उलट्या होतात त्या बहुतेक तिथूनच पुढे. दिवसा खिचडी-कढी द्यावी. शंभर माणसांना ८ किलो तांदूळ, ४ किलो डाळ, लिटरभर तेल, ३०० ग्रॅमच्या आसपास मीठ आणि ३५ ते ४० लिटर पाणी पुरतं. मात्र सकाळी सातला पाचशे माणसांची खिचडी एकदम शिजवून झाकून ठेवू नये. कोमट राहिलेला भात चैत्रात दुपारपर्यंत आंबतो, आणि वास येण्याच्या आधीच बाधतो. शंभर-शंभरचं पातेलं चढवावं आणि दोन तासांत संपवावं.

ताकाचं वेगळं सांगायला हवं. ५ लिटर दही आणि १५ लिटर पाणी यांत शंभर पेले होतात. हौसेने बाहेर काढलेल्या पितळी पातेल्याची कल्हई उडालेली असते, त्यात ताक किंवा कढी ठेवली की कळकते. आतून तांबूस-पिवळा डाग दिसला तर ते भांडं बाजूला ठेवा, स्टीलचं घ्या. बर्फ ताकात टाकू नका, भांड्याच्या बाहेरून लावा. न खाण्याच्या बर्फात निळा रंग घालण्याचा नियम राज्यात २०१८पासून आहे, पण ऐन यात्रेत गाडीवरून लादी उतरवताना रंग कोण पाहतो? ताकापेक्षाही स्वस्त आणि उपयोगी म्हणजे साखर-मिठाचं पाणी: १ लिटर स्वच्छ पाण्याला सपाट ६ चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. चमचा चहाचा. मीठ ‘अंदाजे मूठभर’ पडलं तर फायद्याऐवजी अपाय होतो, म्हणून मापाचा चमचा दोरीने पिंपालाच बांधून ठेवावा.

अन्नदानाची शिस्त शिकायची तर शिखांच्या लंगरकडे, म्हणजे गुरुद्वाऱ्यातल्या सार्वजनिक पंगतीकडे पाहावं, आणि त्यासाठी पंजाबात जायची गरज नाही. १७०८ साली गुरू गोविंदसिंगजी दक्षिणेकडे येताना बऱ्हाणपूरला थांबले होते. तेव्हा ते खान्देश सुभ्याचं ठाणं. त्याच वर्षी नांदेडला त्यांचं देहावसान झालं. आजही अमृतसर-नांदेड सचखंड एक्स्प्रेस भुसावळवरून जाते, आणि धुळ्याला आग्रा रोडवर गुरुद्वारा आहे. लंगरमध्ये ताट वाया जात नाही याचं कारण साधं आहे. वाढणारा एका वेळी थोडंच वाढतो, पण पंगतीत पुन्हा पुन्हा फिरतो. पोळी, म्हणजे त्यांच्या भाषेत प्रशादा, दोन्ही हात पुढे करून घ्यायची, म्हणजे हवी तेवढीच मागितली जाते. सगळे जमिनीवर एका रांगेत बसतात, जात-धर्म कोणी विचारत नाही. जेवण शाकाहारी असतं, त्यामुळे कुणालाही चालतं. ताटं धुणाऱ्यांचीसुद्धा रांग असते: एक खरकटं काढतो, पुढचा घासतो, त्यापुढचे दोघे दोन वेगळ्या पाण्यांतून काढतात. आपल्या मंडपात वाढायला वीस जण असतात आणि धुवायला कोणी नसतं, म्हणून थर्माकोलच्या पत्रावळी येतात आणि दुसऱ्या दिवशी त्या शेताच्या बांधावर उडतात.

मोहरमच्या सबीलमधूनही, म्हणजे पाणी-शरबताच्या पाणपोईतूनही, एक गोष्ट घेण्यासारखी आहे. पाणी बसून, तीन घोटांत थांबत प्यावं, अशी इस्लामी शिकवण आहे. उन्हातून आलेल्याने उभ्या-उभ्या तांब्या घशात ओतला की ठसका लागतो, पोटात कळ येते. तेव्हा पाणपोईजवळ टेकायला एक बाकडं हवंच.

पाहुण्याचे नियम माहीत नसले की चांगल्या मनाने केलेलं दानही त्याला घेता येत नाही. मुक्ताईची पालखी कोथळी-मुक्ताईनगरहून ज्येष्ठात निघते ती महिनाभर चालून पंढरपूरला पोचते. वाटेत एकादशी येतेच, आणि त्या दिवशी वारकऱ्याला धान्य चालत नाही. मग भगर शिजते. सुटी भगर आणि दळून ठेवलेलं भगरीचं पीठ ओलसर हवेत बुरशी धरतं, विषबाधा होते ती त्यातूनच. पाकीटबंद भगर घ्यावी, तारीख पाहावी, धुऊन त्याच दिवशी शिजवावी, पीठ साठवू नये. अमृतधारी, म्हणजे दीक्षा घेतलेले, शीख हलालचं मांस खात नाहीत, तंबाखूला शिवत नाहीत. त्यांच्यासोबत सेवा करायची तर खिशातली पुडी घरी ठेवून जावं. हजला निघालेल्यांना शेजारपाजारचे लाडू-मसाले बांधून देतात. त्यात खसखस नको. सौदी अरबस्तानात ती निषिद्ध आहे, आणि विमानतळावर झडतीत निघाली तर त्या बिचाऱ्या म्हाताऱ्याची यात्रा तिथेच अडते. इहरामची, म्हणजे हजला अंगावर घ्यायची, दोन वस्त्रंही मोठ्या बॅगेत भरून देऊ नयेत. थेट मक्केला जाणाऱ्याला मीकात, म्हणजे इहरामशिवाय ओलांडायची नसते ती हद्द, विमानात असतानाच लागते, त्याआधी इहराम नेसलेला असावा लागतो, आणि बॅग तर सामानात गेलेली असते.

हिजरी वर्ष दहा-अकरा दिवसांनी मागे सरकत असल्यामुळे सण एकमेकांवर येतात. २०२३मध्ये २९ जूनला आषाढी एकादशी आणि बकरी ईद एकत्र आली, २०२५मध्ये ६ जुलैला आषाढी आणि मोहरमची दहावी. अशा दिवशी एकाच पाणपोईवर दोघांची सोय होते. सबीलच्या शरबतात शेवया घातल्या नाहीत की उपवासाचा वारकरीही ते आनंदाने घेतो. जळगावचा श्रीराम रथ १८७२पासून निघतो आणि वाटेत भिलपुऱ्यात लालशाह बाबांच्या दर्ग्यापाशी थांबतो. त्या रथाला चाकाखाली मोगरी, म्हणजे लाकडाचा ठोकळा, लावून वळवणारी, थांबवणारी माणसं वर्षानुवर्षांची तयार असतात, तिथे हौशा-नवशाचं काम नसतं. अन्नदानालाही तसंच मुरलेलं माणूस पुढे हवं.

मंडपाच्या जागेबद्दल आग्रहाने सांगतो. चालणारे ज्या कडेने जातात त्याच कडेला मंडप असावा. पलीकडे असला की लोक महामार्ग ओलांडतात, दुभाजकावरून उड्या मारतात, आणि अपघात होतात. रस्त्यापासून चाळीस-पन्नास पावलं आत, झाडाखाली जागा घ्या. रात्री चालणाऱ्यांच्या पाठीवर चमकणारी पट्टी लावा, ती ताटभर जेवणापेक्षा स्वस्त पडते. अनवाणी चालणाऱ्यांत साखरेचा आजार असलेला कोण, हे विचारा. त्याच्या तळपायाला चटका जाणवत नाही, फोड आलेला कळत नाही. त्याला मोजे-चप्पल घालायला लावा, नवस मोडत नाही म्हणून समजावा. फोड सुईने फोडू नका, धुऊन कोरडा करून स्वच्छ सुती फडकं बांधा.

मंडळांची बैठक फाल्गुनातच व्हावी. पारोळा ते धुळे कोण, धुळ्यापासून मालेगावपर्यंत कोण, पुढे देवळा-कळवणपर्यंत कोण, हे कागदावर लिहून ती यादी प्रत्येक ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लावावी. दर तीन किलोमीटरला पाणी, दर दहाला जेवण, आणि सकाळी अकरा ते चार या वेळात सावली व सतरंजी. सुरुवात एवढ्यावर करता येईल.

आपला,
अन्नछत्राच्या कामातला एक वाचक, पारोळा